मोटार-सायकलची डिस्क “वांकली” म्हणजे काय?

घनसावंगीकडून अंबडमार्गें जालन्यास येणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची मोटार-सायकल क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. मागें मुलगी बसलेली आहे. तिच्या मांडीवर महाविद्यालयाचें दप्तर आहे. वळणावर समोरून उसानें भरलेला ट्रॅक्टर येतो. शेतकरी पुढला ब्रेक दाबतो आणि त्याच्या बोटांखालीं लिव्हर स्थिर न राहतां नाडीसारखा उडूं लागतो; हँडल किंचित् थरथरतें. गाडी थांबते, पण मनांतील शंका थांबत नाहीं. जालन्यास पोंचल्यावर तो रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीस गाडी दाखवितो. मिस्त्री चाकाकडे एक दृष्टि टाकतो आणि निकाल देतो : “डिस्क वांकली. नवी टाका.” हजार-दोन हजार रुपये जातात, आणि महिन्याभरांत नव्या डिस्कसह तीच धडधड पुन्हां सुरू होते.

यांत मिस्त्री लबाड होता असें मुळींच नव्हे. “डिस्क वांकली” हे शब्द “पोट बिघडलें” या शब्दांसारखे आहेत. ते लक्षणाचें नांव सांगतात, रोगाचें नाहीं. पोट अपचनानें बिघडतें, जंतानें बिघडतें आणि काळजीनेंही बिघडतें. प्रत्येकास एकच चूर्ण देणारा वैद्य कधीं यशस्वी होईल, कधीं फसेल. ब्रेकच्या बाबतींत मात्र फसण्याचें मोल निराळें असतें. जोरानें ब्रेक लावला असतां गाडीचा भार पुढें येतो, आणि थांबविण्याचें बहुतेक काम पुढल्या चाकाकडेच जातें. तो ब्रेक भरवशाचा नसेल तर मनुष्य त्यास भिऊं लागतो. केवळ मागल्या ब्रेकवर गाडी चालवितो. आणि ज्या क्षणीं खरोखर थांबावयाचें असतें त्याच क्षणीं चाक घसरून गाडी पुढें जाते.

डिस्क-ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. परंतु जगाचें लक्ष तिच्याकडे वेधलें तें १९५३ सालीं, जेव्हां फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क-ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारींनीं बाजी मारली. मोटार-सायकलीवर ती सर्वसामान्यांच्या आटोक्यांत आली होंडाच्या १९६९ सालच्या ७५० सी.सी.च्या गाडीपासून. आपल्याकडे तिला आणखी तीस वर्षें लागलीं. १९९९ ची सी.बी.झेड. आणि २००१ ची पल्सर या गाड्यांनीं पुढल्या चाकावरील ती चकचकीत, भोकें पाडलेली तबकडी तालुक्याच्या गांवापर्यंत नेली. पुढें कायद्यानेंही हातभार लावला. १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकींस, नव्या नमुन्यांच्या बाबतींत १ एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या गाड्यांच्या बाबतींत १ एप्रिल २०१९ पासून, ए.बी.एस. ही चाक घट्ट धरूं न देणारी योजना आवश्यक झाली. जालनेकरांस तर हा विषय परका वाटूं नये. शेजारच्या छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूज येथें बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, आणि दुचाकींचे डिस्क-ब्रेक बनविणाऱ्या एन्ड्युरन्स या कंपनीचें ठाणेंही तेथेंच आहे. ज्या डिस्कविषयीं हें विवेचन आहे ती पुष्कळदां घरापासून एका सकाळच्या प्रवासावर जन्मास आलेली असते.

आतां तिची रचना. चाकाच्या मध्यभागीं, ज्यास हब म्हणतात त्यावर, पोलादाची एक पातळ तबकडी बोल्टांनीं आवळलेली असते आणि ती चाकाबरोबर फिरते. पुढल्या चिमट्याच्या एका पायावर कॅलिपर नांवाचा एक जबडा बसविलेला असतो. जबड्यांत डिस्कच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड. लिव्हर दाबला कीं ब्रेकचें तेल दट्ट्यास, म्हणजे पिस्टनला, पुढें ढकलतें आणि पॅड डिस्कला चिकटतात. आपल्याकडील बहुतेक साध्या गाड्यांत दट्ट्या एकाच बाजूस असतो. मग दुसऱ्या बाजूचा पॅड कसा दाबला जातो? त्यासाठीं अख्खा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर आडवा सरकतो. दट्ट्या एका पॅडला ढकलतो. त्या ढकलण्याची प्रतिक्रिया म्हणून कॅलिपर उलट दिशेस येतो आणि दुसऱ्या पॅडला ओढून आणतो. अडकित्त्याच्या दोन पात्यांत सुपारी धरावी तशी डिस्क धरली जाते. या दोन पिना वाचकानें ध्यानांत ठेवाव्या. पुढील अर्ध्या गोष्टींचें मूळ त्यांच्यांतच आहे.

डिस्क सरळ आहे असें आपण म्हणतों तेव्हां वस्तुतः तीन निरनिराळ्या गोष्टी गृहीत धरतों. डिस्क स्वतः सपाट आहे, ही एक. ती हबवर काटकोनांत बसली आहे, ही दुसरी. आणि चाक आपल्या आंसावर योग्य जागीं बसून डिस्क कॅलिपरच्या नेमकी मध्यें येते, ही तिसरी. यांपैकीं पहिली चुकली तरच नवी डिस्क घेऊन उपयोग. दुसरी किंवा तिसरी चुकली असेल तर नवी डिस्कही तेथें जाऊन तशीच वांकडी धांवेल. शिवाय चौथी एक गोष्ट आहे, जिचा वांकडेपणाशीं संबंध नाहीं तरी जिला लोक वांकडेपणाच म्हणतात. ती म्हणजे डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसणें. या चौथीचा विचार स्वतंत्रपणें करावा लागतो.

डिस्क किती डगमगली तर चालते? उत्पादकांच्या पुस्तकांत ही मर्यादा गाडीप्रमाणें बदलते, परंतु ती साधारणतः ०.१ ते ०.३ मिलिमीटर यांच्या दरम्यान असते. छपाईचा जो कागद ८० ग्रॅमचा म्हणून विकला जातो त्याचा एक ताव सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तीन तावांच्या जाडीपलीकडे डिस्कला डोलण्याची मुभा नाहीं. आतां हबवरील डिस्कच्या बैठकीचा व्यास ६० मिलिमीटर आणि डिस्कचा व्यास २४० मिलिमीटर धरला, आणि बैठकीच्या एका कडेस वाळलेल्या चिखलाचा एका कागदाइतका जाड पापुद्रा राहिला, तर डिस्कच्या परिघावर तोच दोष चौपट होऊन चार कागदांइतका दिसेल. चांगली, कोरी डिस्क केवळ चिमूटभर मातीनें “वांकली”! गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी माती कशी चिकटते हें अंबड, घनसावंगी, परतूरकडील माणसास सांगावयास नको.

येथें एका समजुतीचा समाचार घेणें अवश्य आहे. डिस्क उन्हानें वांकते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत गाडी बाहेर उभी केली कीं ती तापून वांकडी होते, असें पुष्कळ लोक मानतात. थोडा हिशेब करून पाहावा. गाडी आणि तीवरील दोन माणसें मिळून २६० किलो वजन ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असेल तर त्यांतील गतिज ऊर्जा सुमारें ३६,००० जूल भरते. एक किलो पोलादाचें तपमान एक अंश वाढविण्यास ४८० जुलांच्या आसपास उष्णता लागते. गाडी थांबवितांना ही सर्व ऊर्जा एक किलोच्या डिस्कमध्येंच गेली असें धरलें तरी ती एका थांबण्यांत पंचाहत्तर अंशांनीं तापेल. म्हणजे जी डिस्क रोजच्या रोज, प्रत्येक ब्रेकसरशीं, इतकी तापावी म्हणूनच घडविली आहे तिला वैशाखांतील ऊन तें काय करणार? लांब घाट उतरतांना सतत ब्रेक दाबून ठेवला तर तपमान कित्येक शतें अंशांवर जाऊं शकतें आणि तेव्हां गोष्ट निराळी. परंतु उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगराचे जे फांटे येतात ते सोडले तर जालना जिल्हा बहुतेक सपाटच आहे. तेव्हां जालन्यांत डिस्क तापून वांकली असेल तर ती उन्हानें नव्हे, तर अडकलेल्या पॅडानें रात्रंदिवस घांसून तापविलेली असण्याचा संभव अधिक.

खरीं कारणें याहून फार साधीं आहेत. पहिलें आणि सर्वांत मोठें कारण पंक्चर. ट्यूबच्या गाडीचें पंक्चर काढावयाचें तर चाक उतरवावें लागतें. तें जमिनीवर आडवें टाकलें जातें. डिस्कची बाजू खालीं आली तर टायर सोडवितांना माणसाचा सगळा भार, पाय देऊन, चार मिलिमीटर जाडीच्या त्या तबकडीवर पडतो. कधीं टायर उचलण्याची पहार डिस्कलाच टेकू करून लावली जाते. लांकडाच्या दोन पट्ट्या किंवा जुना टायर खालीं घालून डिस्क जमिनीपासून उचलून धरणारा पंक्चरवाला भेटला तर त्यास चार रुपये अधिक द्यावे. दुसरें कारण गाडी पडणें, किंवा बाजूस उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा पाय-टेकू डिस्कला लागणें. तिसरें, डिस्कच्या भोकांत घातलेलें कुलूप काढावयास विसरून गाडी पुढें ढकलणें. शहरांतील तरुण मंडळींत हें बरेंच घडतें आणि घरीं सांगितलें जात नाहीं.

परंतु पंक्चरनंतर उद्‌भवणारा आणखी एक दोष असा आहे कीं ज्यांत डिस्कला कांहींच झालेलें नसतें. आंसावर चाकाच्या दोन्ही बाजूंस लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात. त्यांस स्पेसर म्हणतात. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूच्या स्पेसरची लांबी भिन्न असते. त्यांची अदलाबदल झाली कीं चाक दोन-चार मिलिमीटर एका अंगास सरकतें, आणि डिस्क कॅलिपरच्या मध्यें न येतां एका पॅडाकडे झुकते. जुन्या गाड्यांत चाकाजवळ वेगमापकाची चक्री असते; तिचे कान हबच्या खांचेंत न बसतां वर राहिले तर आंस आवळतांना ते चेपतात आणि चाक चुकीच्या जागीं घट्ट होतें. अशा वेळीं डिस्क बदलणें म्हणजे जोडा उलट-सुलट घातला म्हणून पाय बदलण्यासारखें आहे.

म्हणून निदानाचा आरंभ पान्यानें न करतां प्रश्नानें करावा. हें केव्हांपासून सुरू झालें? पंक्चर काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, असें उत्तर आलें तर प्रथम स्पेसर आणि चाकाची बैठक पाहावी. गाडी पडल्यापासून, असें आलें तर डिस्क आणि चिमटा. हळूहळू वाढत गेलें, विशेषतः पावसाळ्यानंतर, असें आलें तर पिना आणि दट्ट्या. मालकास पुष्कळदां वाटतें कीं पंक्चरचा आणि ब्रेकचा काय संबंध. तो आपण होऊन सांगत नाहीं. विचारलें पाहिजे.

नंतर कानाची परीक्षा. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी, कोणीतरी मागें भार देऊन पुढलें चाक उचलून धरावें, आणि तें हातानें फिरवावें. पॅड डिस्कला किंचित् स्पर्श करीत राहणें हा डिस्क-ब्रेकचा स्वभावच आहे. अगदीं मंद, एकसारखी कुजबुज ऐकूं आली तर घाबरूं नये. परंतु प्रत्येक फेऱ्यांत एकदांच “खस्स” असा आवाज येऊन पुन्हां शांतता होत असेल तर डिस्कचा एक भाग बाहेर आला आहे. ती स्वतः वांकली असेल किंवा वांकडी बसली असेल. आवाज सर्व फेराभर सारखाच आणि जड असेल, चाक दोन फेरे घेऊन थबकत असेल, तर डिस्कवर आळ घेण्याचें कारण नाहीं; पॅड मागें सरत नाहींत, इतकेंच. चालत्या गाडीवरही हा भेद कळतो. पुढल्या चाकाचा घेर सुमारें १.८७ मीटर धरला तर ताशीं ४० किलोमीटरला तें सेकंदास जवळजवळ सहा फेरे घेतें आणि २० किलोमीटरला तीन. लिव्हरचे ठोके वेगाबरोबर अशाच प्रमाणांत कमी होत गेले तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूंत आहे. एखाद्याच झटक्यानें “टक्” असा आवाज ब्रेक लावतांना येत असेल तर तो चाकाबरोबर फिरत नाहीं. तो हँडलच्या बुडाशीं असलेल्या कोनसेटच्या ढिलेपणाचा आहे.

आतां हाताची परीक्षा. चाक वरून आणि खालून धरून आडवें हलवावें. जरासाही खुळखुळ जाणवला तर बेअरिंग गेलें आहे, आणि बेअरिंग गेलें असतां डिस्कचें कोणतेंही माप घेणें व्यर्थ आहे. डगमगणाऱ्या मेजावर ठेवलेल्या तराजूनें सोनें तोलण्यासारखें तें होईल. बेअरिंग ठीक निघाल्यावर सायकलच्या चाकाची एक जुनी तार घ्यावी आणि ती चिमट्याच्या पायास अशी घट्ट बांधावी कीं तिचें टोंक डिस्कच्या बाहेरील कडेपासून अर्धा-एक सेंटिमीटर आंत, पृष्ठभागाच्या अगदीं जवळ यावें. चाक सावकाश फिरवावें. फट जेथें सर्वांत लहान होते तेथें खडूनें खूण करावी, आणि जेथें सर्वांत मोठी होते तेथें दुसरी. दोन्ही ठिकाणीं फटींत वर सांगितलेल्या कागदाचे किती तुकडे मावतात तें पाहावें. अंतर तीन कागदांहून अधिक असेल तर दोष निश्चित. गॅरेजमध्यें यासाठीं डायल गेज असतें आणि तें शतांश मिलिमीटर दाखवितें. पण घरच्या घरीं संशय आहे कीं नाहीं एवढें ठरविण्यास सायकलची तार पुरते.

दोष निश्चित झाला, पण तो डिस्कचा कीं हबचा? याचा निवाडा करण्याची एक पद्धत इतकी सोपी आहे कीं ती वापरली कां जात नाहीं याचेंच आश्चर्य वाटतें. चाक उतरवून डिस्कचे बोल्ट काढावे. हबची बैठक आणि डिस्कची मागली बाजू पुसून, गंज व माती खरवडून, स्वच्छ करावी. आणि डिस्क एक भोक पुढें सरकवून पुन्हां बसवावी. मग तारेची परीक्षा पुन्हां घ्यावी. खडूची खूण असलेला भाग अजूनही बाहेर येत असेल, म्हणजे दोष डिस्कबरोबर सरकला असेल, तर डिस्कच वांकली आहे. खूण पुढें गेली पण दोष हबच्या त्याच ठिकाणीं राहिला, तर अपराधी हब आहे. आणि दोष नाहींसाच झाला तर अपराधी चिखल होता. या शेवटच्या निकालांत खर्च फक्त मजुरीचा. बोल्ट परत लावतांना एकामागून एक न आवळतां समोरासमोरचे थोडथोडे आवळीत जावे, आणि ते ढिले होऊं नयेत म्हणून जो चिकटपदार्थ कारखान्यांत लावलेला असतो तो पुन्हां लावावा. डिस्कचा बोल्ट वाटेंत निसटणें ही थट्टा नव्हे.

जाडीची गोष्ट राहिली होती. सरकत्या कॅलिपरच्या गाडींत डिस्क थोडी डोलली तर कॅलिपर पिनांवर तिच्याबरोबर डोलतो. दट्ट्या आंत-बाहेर होत नाहीं, आणि म्हणून लिव्हरला फारसें कांहीं कळत नाहीं. लिव्हर उडतो याचा अर्थ दट्ट्या मागें ढकलला जात आहे. हें दोन प्रकारें घडतें : एकतर पिना जाम होऊन कॅलिपर डिस्कच्या मागें जाऊं शकत नाहीं, किंवा डिस्क एका ठिकाणीं जाड आणि दुसऱ्या ठिकाणीं पातळ झाली आहे. जाडींतील फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांइतका, म्हणजे डोळ्यांस कधींच न दिसणारा असला तरी बोटांस जाणवूं शकतो. ज्यांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंत स्क्रू-गेज हाताळलें आहे त्यांस तो मोजतां येईल. परिघावर सात-आठ ठिकाणीं जाडी घ्यावी आणि ताडून पाहावी. डिस्कवरच तिची निम्नतम जाडी कोरलेली असते. कोठेंही माप त्याखालीं गेलें तर ती डिस्क संपली, मग ती आरशासारखी सपाट असो.

हीं दोन्ही दुखणीं एकमेकांस जन्म देतात, आणि आरंभीं सांगितलेल्या शेतकऱ्याचें कोडें येथें सुटतें. पिना चिखलानें जाम झाल्या. त्यांवरील रबरी टोपी फाटली होती, पाणी आंत गेलें आणि गंज धरला. कॅलिपर सरकेनासा झाला. डिस्कमध्यें जो थोडासा, मर्यादेंतला डोल पहिल्यापासून होता तो पूर्वीं कॅलिपर निमूटपणें सोशीत असे. आतां प्रत्येक फेऱ्यांत डिस्कचा तोच उंच भाग पॅडावर घांसूं लागला. ब्रेक न लावतांही. घांसून घांसून तेवढाच भाग झिजला, जाडी असमान झाली आणि लिव्हर उडूं लागला. मिस्त्रीनें डिस्क बदलली; कांहीं दिवस सर्व सुरळीत चाललें, कारण नवी डिस्क सर्वत्र सारख्या जाडीची होती. पण जाम पिना तशाच राहिल्या, आणि त्यांनीं नव्या डिस्कचेंही तेंच केलें.

पॅड बाहेर काढून पाहिले असते तर हें पहिल्याच दिवशीं कळलें असतें. झिजलेले पॅड हे ब्रेकची जन्मपत्रिकाच होय. दोन्ही सारखे झिजले असतील तर पिना आपलें काम करीत आहेत. एक कागदासारखा पातळ आणि दुसरा जवळजवळ नवा असेल तर कॅलिपर सरकत नाहीं किंवा दट्ट्या अडकला आहे. एकच पॅड एका टोंकास जाड व दुसऱ्या टोंकास पातळ, पाचरीसारखा झिजला असेल तर कॅलिपर तिरका बसला आहे. त्याची पट्टी वांकली असेल किंवा एक पिन झिजली असेल. पडलेल्या गाडींत चिमटाच पिळलेला असतो. त्याची खूण अशी कीं चाकाचा आंस हातानें सरळ आंत-बाहेर होत नाहीं, हातोडी मागतो. आंस स्वतः वांकला आहे काय हें पाहावयाचें तर तो कांचेवर ठेवून लोळवावा. चिमटा पिळलेला असतां डिस्कवर खर्च करणें निरर्थक.

पॅड मागें सरत नाहींत असें दिसलें तर आणखी एक भेद करावा लागतो, आणि तो मिस्त्रीकडूनच करवावा. चाक जड फिरत असतांना कॅलिपरवरील हवा काढण्याची चावी किंचित् सैल करून थेंबभर तेल जाऊं द्यावें. चाक तत्क्षणीं मोकळें झालें तर दाब तेलांत कोंडला होता, म्हणजे दोष वर लिव्हरपाशीं असलेल्या मास्टर सिलिंडरमध्यें अथवा नळींत आहे. मोकळें झालें नाहीं तर दोष खालीं, कॅलिपरमध्यें. हें तेल रंग खातें. टांकीवर पडल्यास लगेच पाण्यानें धुवावें.

उपचारांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, पण दोन गोष्टींस विरोध केलाच पाहिजे. वांकलेली डिस्क हातोडीनें किंवा मोठ्या पान्यानें सरळ करून देणारे लोक आहेत, आणि जालन्यासारख्या लोखंडी सळयांच्या गांवीं डिस्क लेथवर चढवून तिचा पृष्ठभाग घांसून देणाराही सहज भेटतो. हातोडीनें एक वांक काढतांना दुसरे दोन पडतात. लेथचें काम डोळ्यांस सुबक दिसतें खरें. परंतु जी डिस्क नवी असतांनाच चार मिलिमीटर आहे आणि साडेतीनच्या आसपास बाद होते तिच्यांत कापण्यासारखें उरतें किती? खरोखर वांकलेली डिस्क बदलावी, हाच उत्पादकांचा नियम आहे आणि तो योग्य आहे. पिनांना मात्र साधें ग्रीस लावूं नये. त्यानें रबर फुगतें. सिलिकोनचें ग्रीस मिळतें, तें लावावें, आणि फाटलेल्या रबरी टोप्या त्याच वेळीं बदलाव्या. त्यांची किंमत डिस्कच्या मानानें अगदींच किरकोळ असते.

जड फिरणारें चाक तसेंच वापरीत राहिलें तर काय होतें तें श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांनीं आपल्या मुलांस अवश्य सांगावें. पॅड सतत घांसत राहतात, कॅलिपर तापतो, आणि त्यांतील तेल तापतें. हें तेल हवेंतील ओल शोषून घेणारें असतें. जुन्या, ओल धरलेल्या तेलाचा उत्कलनबिंदु खालीं येतो. तें उकळलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. मग लिव्हर कांहींच विरोध न करतां मुठीपर्यंत येतो. गाडी चालूच राहते. म्हणून चार-पांच मैल चालवून आल्यावर पुढल्या आणि मागल्या चाकाच्या डिस्कजवळ हात न्यावा, लावूं नये. एकीची धग दुसरीहून फारच अधिक वाटली, किंवा शिंपडलेले पाण्याचे दोन थेंब ब्रेक फारसा न वापरतांही चर्रकन् उडाले, तर ती गाडी त्या दिवशीं पुढें नेऊं नये.

ए.बी.एस.च्या गाड्यांत आणखी एक लक्षण मिळतें. डिस्कजवळ दांते असलेलें एक कडें चाकाबरोबर फिरत असतें आणि त्यासमोर एक संवेदक अगदीं थोड्या अंतरावर बसविलेला असतो. कडें वांकलें, किंवा चाक चुकीच्या स्पेसरांमुळें सरकलें, तर हें अंतर बिघडतें आणि समोरच्या पटलावरील ए.बी.एस.चा दिवा विझत नाहीं. पंक्चरनंतर हा दिवा लागून राहिला तर विजेचा दोष शोधीत बसण्यापूर्वीं चाक नीट बसलें आहे कीं नाहीं तें पाहावें.

चाक परत बसवितांना स्पेसर आपापल्या बाजूस आहेत ना हें प्रथम पाहावें. तीं उतरवितांनाच भ्रमणध्वनीवर त्यांचें छायाचित्र घेऊन ठेवलें तर वाद राहत नाहीं. आंसाची चक्री आवळावी. ज्या गाड्यांत चिमट्याच्या पायाशीं आंस धरणारा आणखी एक आडवा बोल्ट असतो, त्यांत तो आवळण्यापूर्वीं पुढला ब्रेक धरून गाडी दोन-चार वेळां खालीं दाबावी, म्हणजे चिमट्याचे पाय आंसावर आपली सहज जागा घेतात. मग तो बोल्ट आवळावा. चाक बाहेर असतांना लिव्हर कोणी दाबूं नये, मुलांस तर जवळ येऊंच देऊं नये. दट्ट्या बाहेर येऊन बसतो. आणि चाक बसल्यावर, गाडी सुरू करण्यापूर्वीं, लिव्हर पुनःपुन्हां दाबून तो घट्ट लागेपर्यंत थांबावें. काम करतांना पॅड मागें ढकललेले असतात. पहिल्या दोन-तीन दाबण्यांत ब्रेक लागतच नाहीं, आणि तीं दोन-तीन दाबणीं अंगणांत झालेलीं बरीं.